ओठ, काचनळी आणि बर्फाचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुकरची रिंग घ्यायला अम्मा मिरजेच्या बाजारात गेली, की भांड्यांच्या दुकानात निदान अर्धा तास मोडायचा. दुकानदार पुढ्यात पाच-सहा रिंगा टाकायचा. अम्मा एकेक उचलायची, तिच्यात अंगठ्याचं नख रुतवायची, आणि नख काढल्यावर वळ किती वेळात भरून येतो ते बघत राहायची. वळ लगेच नाहीसा झाला तर रिंग पसंत. रेंगाळला तर ती बाजूला. दुकानदार वैतागून म्हणायचा, "भाभी, सगळ्या एकाच कंपनीच्या आहेत." अम्मा म्हणायची, "कंपनी एक असंल, पण नख एकेकीला लावून बघायला लागतंय."

मी दुकानाच्या पायरीवर कंटाळून बसलेला असायचो. मला ती निव्वळ घासाघीस वाटायची. रबराचं मोल ते किती ताणतं यावर नसतं, ताण सोडल्यावर किती वेळात परत येतं यावर असतं, हे मला कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली. आणि ही साधी गोष्ट ऐकून न घेतल्यामुळे सात माणसांचा जीव गेला, हेही तेव्हाच कळलं.

मी बी. ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला सुटला. या विषयाकडे मी आलो तो कवितेच्या वाटेने. वर्ड्‌स्वर्थचं 'द एक्सकर्शन' हे १८१४ साली प्रसिद्ध झालेलं दीर्घकाव्य आहे. त्याच्या सातव्या भागात एक अंध माणूस येतो. हा कोण, म्हणून शोधत गेलो तेव्हा कळलं की तो खराखुरा माणूस होता. जॉन गफ त्याचं नाव. उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावचा. कोलरिजनेही त्याच्याविषयी लिहून ठेवलंय. दोन मोठ्या कवींना भुरळ घालणारा हा माणूस रबराच्या शास्त्राचा पहिला परीक्षक निघाला.

गफ यांचा जन्म १७५७चा. तीन वर्षांचे होण्याआधीच त्यांना देवी आल्या आणि दृष्टी गेली. पण वनस्पतींचा त्यांना विलक्षण नाद. पान, पाकळी, देठ बोटांनी चाचपून ते झाड ओळखत. बोटांना बारकावा कळला नाही तर ओठांना लावून बघत. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन तरुणपणी केंडलच्या शाळेत शिक्षक होते. गणित, लॅटिन, ग्रीक ते गफ यांच्याकडे शिकले. हवामानाची रोजची नोंद ठेवायची सवयही त्यांना गफ यांनीच लावली. १७८७मध्ये सुरू केलेली ती वही डाल्टननी १८४४ साली मरेपर्यंत चालू ठेवली. डाल्टन रंगांध होते, हे अनेकांना ठाऊक असेल. गुरूला दृष्टी नाही, शिष्याला रंग नीट दिसत नाहीत, आणि दोघंही निसर्ग बघायला बसलेले!

त्या काळी युरोपात रबर ही नवलाईची वस्तू होती. पेन्सिलीचं लिहिलेलं घासून खोडता येतं, हा तिचा मोठा उपयोग. इंग्रजीतलं रबर हे नावच मुळी त्या घासण्यावरून पडलं. गफ यांनी या वस्तूची एक पट्टी घेतली, दोन्ही टोकं चिमटीत धरली, मधला भाग ओठांना टेकवला आणि पट्टी झटकन ताणली. ओठांना ऊब लागली. ताण सैल केला, पट्टी गार झाली. आजारी लेकराचा ताप आई कपाळाला गाल लावून बघते, तसा हा प्रकार. त्या वेळी इतका बारीक फरक दाखवणारा थर्मामीटर सहजी मिळत नव्हता. ओठ सगळ्यांपाशी होते.

तुम्हालाही हे करून बघता येईल. भाजीच्या जुडीचं रबरबँड, जरा रुंदसं, आधी ओठांना लावून बघा, मग ताणून पुन्हा लावा.

गफ इथे थांबले नाहीत. त्यांनी पट्टीला वजन टांगलं आणि पट्टी तापवली. तापल्यावर वस्तू वाढते असं आपण शाळेत शिकतो. लोखंडाच्या रुळांमध्ये फट ठेवतात ती त्यासाठीच. ही ताणलेली पट्टी मात्र तापल्यावर आखडली आणि वजन वर उचललं गेलं. तिसरा प्रयोग त्यांनी पाण्यात केला. गार पाण्यात ताणलेली पट्टी सोडून दिली, तर ती पुरती परत येईना. तिची ओढ मंदावली. तीच तशी लांबलेली पट्टी गरम पाण्यात टाकली, तर झरकन आखडली. हे सगळं त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेला १८०२ साली कळवलं आणि १८०५मध्ये ते छापून आलं. हा गार पाण्याचा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

निबंध छापला गेला आणि पुष्कळ वर्षं पडून राहिला. दरम्यान रबराचा धंदा वाढला, पण त्याची परीक्षा ऋतूच करत होते. उन्हाळ्यात रबर चिकट व्हायचं, हिवाळ्यात फळीसारखं ताठ. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी सरकारी टपालासाठी रबरी पिशव्या करून दिल्या. त्या ठेवल्या ठिकाणी उन्हाळ्यात वितळल्या. पुढे १८३९मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करायची युक्ती गुडइयरना सापडली. त्यांचं उरलेलं आयुष्य कर्जात गेलं, पण ती कहाणी वेगळी.

गफ यांचा निबंध पुन्हा उघडला तो मँचेस्टरच्याच जेम्स जूल यांनी. जूल लहानपणी डाल्टनकडे शिकायला जात, म्हणजे गफ यांच्या शिष्याचे शिष्य. ओठांऐवजी त्यांनी दोन धातूंच्या तारांचा सांधा वापरला. तो तापमानातला बारीक फरक विजेच्या सूक्ष्म प्रवाहातून दाखवतो. १८५९ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. अंध माणसाच्या ओठांनी सांगितलेलं खरं होतं. आजही पाठ्यपुस्तकांत या गुणाला गफ-जूल परिणाम म्हणतात.

पण असं का होतं? याचं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडलं, आणि त्यासाठी आधी एक भांडण मिटावं लागलं.

रबर, कापसातलं सेल्युलोज, नायलॉन, प्लॅस्टिक या सगळ्यांना आज आपण पॉलिमर म्हणतो. आपल्या विश्वकोशात त्याला बहुवारिक हा शब्द आहे. लहान लहान रेणू एकमेकांत आकडा अडकवून हजारोंची साखळी करतात, ते बहुवारिक. १९२० साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने हे मांडलं तेव्हा बहुतेक जाणकारांना ते पटलं नाही. इतका मोठा एकसंध रेणू असूच शकत नाही, हे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत, असं त्यांचं म्हणणं. हाइनरिश वीलांट यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने त्यांना स्नेहाने सुचवलं, की मोठ्या रेणूंचा नाद सोडा. रबर नीट शुद्ध करा, म्हणजे त्याचे स्फटिक होतील.

श्टाउडिंगरनी उत्तरादाखल एक काचेची नळी पुढे केली. तिला व्हिस्कोमीटर म्हणतात. आपल्याकडे बी. एस्सी.च्या मुलांच्या हाती ती असते. माझ्या वसतिगृहातल्या सोबत्याने एक फोडली होती आणि भरपाईपायी त्याचं महिन्याचं चहापाणी बंद झालं होतं. इंग्रजी यू अक्षरासारखा आकार, एका बाजूला केसाइतकं बारीक छिद्र, वरच्या फुग्याच्या वर आणि खाली एकेक रेघ. द्रव वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं. आधी नुसता द्रावक, मग त्यात चिमूटभर पॉलिमर विरघळवून. दोन वेळांमधल्या फरकावरून साखळीच्या लांबीचा अंदाज येतो.

गूळ करताना आमच्याकडे गुऱ्हाळावर रस निवळायला भेंडीचं पाणी घालतात. हाताला घेऊन बघा, तार धरतं. तितक्याच पाण्यात तितक्याच वजनाची साखर घातली तर काहीच जाणवत नाही. साखरेचा रेणू लहान. भेंडीच्या बुळबुळीतले रेणू साखरेसारख्याच घटकांचे, पण लांब साखळीत ओवलेले. लांब साखळी वाहत्या पाण्यात आडवी येते, एवढाच त्या काचनळीचा मंत्र. स्वीडनमध्ये थेओडोर स्वेडबर्ग यांनी याच सुमारास गुरुत्वाकर्षणाच्या लाखो पटींनी द्रव घुसळणारं यंत्र तयार केलं होतं. मोठ्या रेणूंचं वजन त्यावर थेट काढता येई. पण ते भारी काम, मोजक्या ठिकाणी होणारं. काचनळी कुणालाही परवडणारी. तिसाव्या दशकात साखळीची कल्पना सर्वमान्य झाली, आणि श्टाउडिंगरना नोबेल मिळालं ते १९५३मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी.

ती काचनळी अजून निवृत्त झालेली नाही. शेतातल्या पीव्हीसी पाइपाचा कच्चा माल घेताना व्यापारी 'के व्हॅल्यू' विचारतो, पाइपासाठी साधारण ६७ची. तो आकडा या नळीतूनच येतो. पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकच्या दाण्यांची करतात, त्यांची प्रतही याच तत्त्वाने ठरते.

गंमत म्हणजे श्टाउडिंगर एका बाबतीत चुकले. त्यांना वाटे की या साखळ्या काठीसारख्या ताठ आहेत. ताठ काठीने रबराचं कोडं सुटत नाही. १९३०नंतर वेर्नर कून, ऑयगेन गुट, हेर्मान मार्क यांनी दाखवलं, की साखळी लवचीक असते आणि ऊब मिळेल तशी सारखी वळवळत, गुंडाळत राहते. शाळेच्या मैदानातला साखळीचा खेळ आठवा. हात धरून उभी असलेली पोरं जितकी उड्या मारतील, तितकी साखळीची दोन टोकं जवळ ओढली जातात. ऊब म्हणजे पोरांच्या उड्या. म्हणून ताणलेलं रबर तापलं की आखडतं. गारठ्यात पोरं सुस्तावतात, साखळी ताणली तशीच पडून राहते. गफ यांच्या गार पाण्यातली पट्टी परत का येईना, त्याचं उत्तर हे.

गेल्या शतकात या परीक्षेसाठी अनेक यंत्रं आली. कच्चं रबर दाबून त्यात चकती फिरवून त्याचा विरोध मोजणारं मूनी यांचं यंत्र १९३४चं. खिशातल्या घड्याळासारखा दिसणारा, टोकाला बोथट सुई असलेला शोअर यांचा कठीणपणा मोजणारा ड्युरोमीटर त्याहून जुना. कुपवाडच्या एमआयडीसीत रबरी भाग बनवणाऱ्या एका मित्राकडे तो मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या घरची जुनी रिंग मुद्दाम खिशात घालून नेली होती. नव्या रिंगेवर काटा ६५च्या आसपास थांबला, आमच्या रिंगेवर ८०च्या पुढे. मी म्हटलं, झालं, कळलं. मित्र म्हणाला, "थांब, सुई दाबून धर." काटा हळूहळू खाली यायला लागला. "आकडा लिहिताना किती सेकंदांनी वाचला तेही लिहावं लागतं. रबर एका क्षणाला एक बोलतं, दुसऱ्या क्षणाला दुसरं."

त्याने आणखी एक परीक्षा सांगितली. रबराची पट्टी ताणायची, ताणलेली असतानाच गोठवायची, टोक मोकळं करायचं आणि हळूहळू ऊब देत जायची. ताणाचा दहावा भाग ज्या तापमानाला परत येतो, ते टिपून ठेवायचं. मी त्याला म्हटलं, अरे, हा तर केंडलच्या गफ यांचा प्रयोग! त्याला गफ ठाऊक नव्हते.

आता त्या सात माणसांकडे येतो. २८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान फ्लोरिडाहून उडालं आणि ७३ सेकंदांनी आकाशातच त्याचे तुकडे झाले. आत सातजण होते, त्यांत एक शाळेची शिक्षिका. यानाला जोडलेले दोन मोठे घनइंधन अग्निबाण तुकड्या-तुकड्यांनी सांधलेले असत. सांध्यातून तप्त वायू निसटू नये म्हणून रबराची दोन कडी बसवलेली. कडं सुमारे पावणेचार मीटर व्यासाचं आणि जाडी जेमतेम सात मिलिमीटर. कुकरची रिंगच ती, फक्त राक्षसी. बाण पेटला की आतल्या दाबाने सांधा किंचित उघडे, आणि दाबून बसलेल्या कड्याने एका सेकंदाच्या आत फुगून ती फट भरायची, अशी अपेक्षा.

फट भरायला ते किती वेळ घेतं? हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असं नाही. बाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतल्या रॉजर बॉइसजोली आणि आर्नी थॉम्प्सन या अभियंत्यांनी १९८५ साली प्रयोगशाळेत तेच मोजलं होतं. दोन पट्ट्यांमध्ये कडं दाबायचं, पट्ट्या एक मिलिमीटरपेक्षाही कमी दूर सरकवायच्या आणि कडं पुन्हा पट्टीला कधी टेकतं ते बघायचं. ३८ अंश सेल्सिअसला त्याने स्पर्श सोडलाच नाही. २४ अंशांना २.४ सेकंद सोडला. १० अंशांना दहा मिनिटं वाट पाहिली, कडं परत आलं नाही, प्रयोग थांबवला. ऑगस्ट १९८५मध्ये हे आकडे नासाकडे पत्राने गेले होते. जुलैत बॉइसजोलींनी वरिष्ठांना टिपण लिहून माणसं मरतील असा इशारा दिला होता. बॉब एबलिंग या त्यांच्या सहकाऱ्याने ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या टिपणाचा पहिला शब्द होता 'मदत', पुढे उद्गारचिन्ह.

उड्डाणाच्या आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असं कळलं. एबलिंगनी धावपळ करून दूरध्वनीवर बैठक घडवून आणली. आधीचं सर्वांत थंडीतलं उड्डाण सुमारे १२ अंशांचं होतं, त्याखाली उडवू नका, असं अभियंत्यांनी सांगितलं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. पुरावा अपुरा आहे म्हणाले. आणि एका अर्थी तो होताही: एका उबदार दिवशीच्या उड्डाणातही कड्याजवळून वायू निसटला होता. पण पुरावा अपुरा असेल तर उडवू नये, की उडवावं? कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात चर्चा केली, अभियंत्यांना बाजूला ठेवलं आणि होकार दिला. फ्लोरिडात असलेल्या ॲलन मॅकडोनाल्ड यांनी त्यावर सही करायला नकार दिला. सही दुसऱ्याने केली. सकाळी यान उडालं तेव्हा हवा २ अंशांवर होती. यंत्राने उत्तर पाच महिन्यांपूर्वी कागदावर दिलेलं होतं.

चौकशी आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. ११ फेब्रुवारीला, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या लहानशा शिकंज्यात कड्याचा तुकडा दाबला आणि बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढून शिकंजा सोडला. तुकडा काही सेकंद दबलेलाच राहिला. साऱ्या जगाला एका ग्लासात कळलं. तोच गफ यांचा गार पाण्याचा प्रयोग, पावणेदोनशेच्या वर वर्षांनी. सभेत करण्याआधी आपण तो गुपचूप करून पाहिला होता, आणि त्याची थोडी लाज वाटते, हे फाइनमननी पुढे मोकळेपणाने लिहिलं.

मात्र रबराकडे त्यांचं लक्ष आपसूक गेलं नव्हतं. आयोगातले जनरल कुटिना यांनी बोलता बोलता त्यांना थंडीत रबराचं काय होतं असं विचारलं होतं. कुटिनांना हे कुठून कळलं? आयोगाच्याच सदस्य, अंतराळवीर सॅली राइड यांनी चालता चालता, काही न बोलता, त्यांच्या हातात एक कागद दिला होता. एका रकान्यात तापमान, दुसऱ्यात कड्याची परत येण्याची शक्ती. राइड २०१२मध्ये वारल्या, त्यानंतर कुटिनांनी हे उघड केलं.

बॉब एबलिंग यांनी काही महिन्यांत नोकरी सोडली. ती बैठक आपण घडवली, पण पटवून देऊ शकलो नाही, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. २०१६च्या जानेवारीत, दुर्घटनेला तीस वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर ते बोलले. देवाने त्या कामाला मला निवडायला नको होतं, असं म्हणाले. कार्यक्रम ऐकून शेकडो श्रोत्यांनी त्यांना पत्रं लिहिली, त्यांत अभियंते होते, शिक्षक होते. तुमचं काम तुम्ही केलं होतं, असं सगळ्यांचं म्हणणं. त्या रात्री बैठकीत समोरच्या बाजूला असलेल्या एका माणसानेही लिहिलं. ती पत्रं त्यांना घरी वाचून दाखवली गेली. मनावरचं ओझं हलकं झालं, असं त्यांनी रेडिओच्या वार्ताहराला सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी, ते वारले.